सलाईनची बाटली आणि रक्ताची गुठळी

वर्धा जिल्ह्याच्या नकाशात तळेगाव (श्यामजी पंत) शोधायला फार वेळ लागत नाही. नागपूरहून अमरावतीकडे जाणारा मोठा रस्ता जिथं आर्वीच्या आणि आष्टीच्या रस्त्यांना भेटतो, तेच हे गाव. त्या मोठ्या रस्त्याचा नंबर पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. नंबर बदलला, वर्दळ मात्र वाढतच गेली. रात्रंदिवस मालमोटारी धावतात, हंगामात संत्र्यांच्या गाड्या त्यांत मिसळतात. अशा रस्त्यावरच्या गावाला अपघात हा शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आणि अपघात झाला की जमलेल्या माणसांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आधी सलाईन लावा!’ जखम कुठं आहे, रक्त कुठून वाहतं आहे, हे पाहण्याच्या आधी बाटलीची चौकशी होते. नुसता ताप आला, अंगात कसकस वाटली, तरी ‘डाक्टरसाहेब, एक बाटली लावून द्या’ असं सांगणारी मंडळी आपल्या खेड्यापाड्यांतून थोडी नाहीत. सलाईनवरचा हा विश्वास आला कुठून? तो सर्वस्वी खोटा आहे काय? आणि ज्याचं रक्त वाहून चाललं आहे, त्याच्या शिरेत मिठाचं पाणी भरलं तर त्याच्या रक्ताच्या गोठण्याचं काय होतं? मी इतिहासाचा माणूस, वैद्य नव्हे. पण या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच बरंचसं दडलेलं आहे, म्हणून आज आपल्यापुढं तो विषय मांडतो आहे.

सलाईनचा जन्म जखमी माणसासाठी झालाच नाही. तो झाला पटकीच्या रोग्यासाठी. पटकी म्हणजे कॉलरा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला तिचा धाक केवढा होता, हे गावोगावच्या मरीआईच्या ठाण्यांवरून कळतं. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन पोचवायचा, एवढाच उपाय लोकांच्या हाती होता. ही पटकी १८३१ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोचली. तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या बावीस वर्षांच्या एका आयरिश डॉक्टरनं रोग्यांचं रक्त तपासलं. त्याला आढळलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, रक्त दाट, काळसर झालं आहे. मग गेलेलं पाणी आणि गेलेलं मीठ शिरेतूनच परत का देऊ नये? ही कल्पना त्यानं मांडली. पुढच्याच वर्षी, मे १८३२ मध्ये, स्कॉटलंडमधल्या लीथ या बंदराच्या गावी डॉ. टॉमस लाटा यांनी ती करून पाहिली. त्यांची पहिली रोगी एक म्हातारी बाई होती. नाडी लागत नव्हती, अंग गार पडलं होतं. लाटांनी तिच्या शिरेत थोडं थोडं करत सुमारे सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरांहून जास्त, खारं पाणी सोडलं. बाईच्या डोळ्यांत तेज आलं, ती बोलू लागली. पण लाटा निघून गेल्यावर जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कुणी दिलं नाही, आणि काही तासांत ती गेली. पुढच्या वर्षी लाटाही वारले आणि ही रीत मागं पडली.

हा ओशॉनेसी पुढं १८३३ साली हिंदुस्थानात आला, कलकत्त्याच्या वैद्यकीय कॉलेजात शिकवू लागला, आणि गंमत अशी की आपल्या देशात तारायंत्राचं जाळं ज्यानं पसरलं तो हाच गृहस्थ. कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरं १८५३ नंतरच्या दोन-अडीच वर्षांत त्यानं तारेनं जोडली. तारवाला म्हणून त्याचं नाव राहिलं. खाऱ्या पाण्यासाठी त्याची आठवण काढणारे थोडे. पटकीच्या रोग्यांना शिरेतून खारं पाणी देण्याचा उपाय कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा पक्क्या पायावर उभा केला आणि मृत्यूंचं प्रमाण खूपच खाली आणलं.

आता इथं जरा थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून निघाला आहे. पटकीच्या रोग्याच्या अंगातून जातं ते पाणी आणि क्षार. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी, गोठण्याची द्रव्यं, सारं घरातच असतं. म्हणून त्याला खारं पाणी दिलं की जे गेलं नेमकं तेच परत मिळतं. जखमी माणसाचं तसं नाही. त्याच्या अंगातून सगळंच जातं. विहिरीचं पाणी आटलं तर पाणी ओतून भागेल. दुधाची घागर लवंडली आणि तिच्यात पाणी भरून ठेवलं, तर घागर भरेल, दूध मिळणार नाही.

मग पटकीचा उपाय जखमेकडं वळला कसा? नाइलाजानं. एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकात झाले, पण कधी रोगी वाचे, कधी दगावे, कारण रक्तगट ठाऊक नव्हते. ते व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरनी १९०१ साली दाखवून दिले. दुसरी अडचण अशी की अंगाबाहेर काढलेलं रक्त बघता बघता गोठतं. त्यात सायट्रेट नावाचा क्षार घातला तर ते पातळ राहतं, हे १९१४-१५ च्या सुमारास कळलं. तोवर मिठाचं पाणी स्वस्त, उकळून निर्जंतुक करता येणारं आणि कुणाच्याही रक्ताशी न भांडणारं. डॉक्टरांनी ते उचललं यात नवल नाही.

रक्त गोठतं म्हणजे काय होतं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. तरी थोडक्यात सांगतो. शीर फाटली की रक्तातल्या बारीक चकत्या, ज्यांना आपण रक्तबिंबिका म्हणतो, त्या फटीवर येऊन चिकटतात. मग रक्तद्रवातली एकेक द्रव्यं साखळीसारखी एकमेकांना जागी करतात. शेवटी फायब्रिनोजेन नावाच्या विरघळलेल्या प्रथिनाचे धागे बनतात, त्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि त्यात पेशी अडकून गुठळी होते. पन्नास-साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात रक्त साधारण चार लिटर. त्यातलं अर्ध्याहून थोडं जास्त रक्तद्रव, आणि दर लिटर रक्तद्रवात फायब्रिनोजेन असतं अवघं दोन ते चार ग्रॅम. म्हणजे साऱ्या देहाची जखमा बुजवायची सामग्री एक-दोन लहान चमच्यांत मावेल एवढीच! ती वाहून जाऊ लागली आणि वरून पाण्याची भर पडू लागली, तर जाळं विणायला धागा पुरणार कसा?

पण गोष्ट इतकी सरळ असती तर शास्त्रज्ञांना फार काळ घोळावं लागलं नसतं. १९५१ साली टोकँटिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रयोगशाळेत उलटंच दिसलं : रक्त थोडं पातळ केलं तर ते काहीसं लवकर गोठतं! पुढं इतरांनाही तेच आढळलं. त्याचं एक कारण असं देतात की रक्तात गोठवणारी द्रव्यं असतात तशी गोठणं आवरून धरणारी द्रव्यंही असतात. थोड्या पाण्यानं आधी लगाम सैल होतो. पाणी वाढत गेलं म्हणजे मात्र घोडाच थकतो. फायब्रिनोजेन कमी पडतं, बिंबिका विरळ होतात, गुठळी होते ती लिबलिबीत, आणि सुटून जाते. तेव्हा एका बाटलीनं रक्त लगेच पाणी होतं असं म्हणणं जितकं चूक, तितकंच बाटलीमागून बाटली लावली तरी काही बिघडत नाही हे म्हणणंही चूक. आणि बाटल्या वाढतातच, कारण दिलेल्या सलाईनचा फार तर चौथा हिस्सा शिरांत टिकतो, बाकीचं तासाभरात अंगात इतरत्र झिरपतं. जुना हिशेब असा होता की एक लिटर रक्त गेलं तर तीन लिटर पाणी द्यावं.

पाणी टिकत नाही, हीच तर पहिल्या महायुद्धातल्या डॉक्टरांची तक्रार होती. त्यावर विल्यम बेलिस या इंग्रज शास्त्रज्ञानं काढलेला तोडगा ऐकून आपल्याला मौज वाटेल. त्यानं खाऱ्या पाण्यात डिंक घातला! आपल्या बाभळीच्याच जातकुळीतल्या झाडांचा डिंक. डिंकाचं पाणी शिरेत जास्त वेळ टिकतं, हे खरं होतं. पण तो डिंक यकृतात जाऊन साठून राही, आणि रक्तातली पुष्कळशी प्रथिनं, त्यांत फायब्रिनोजेनही आलं, यकृतातच तयार होतात. डिंक हळूहळू मागं पडला. त्यानंतर आलं डेक्स्ट्रान. साखर कारखान्यात शिळ्या रसाला जो बुळबुळीतपणा येतो, तो ऊस असो की बीट, एका जंतूची करणी असते. ते बुळबुळीत द्रव्य म्हणजे डेक्स्ट्रान. स्वीडनच्या उप्साला गावी ग्रोनवाल आणि इंगेलमान यांनी १९४० च्या दशकात त्याचं शिरेतून देण्याजोगं औषध बनवलं. कोरियाच्या युद्धात ते वापरलं गेलं. आणि लौकरच लक्षात आलं की जास्त दिलं तर रक्तस्राव वाढतो, कारण ते बिंबिकांना चिकटू देत नाही. पुढं हाच दोष गुण म्हणून कामाला लावला. शस्त्रक्रियेनंतर पायांच्या शिरांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून डॉक्टर मुद्दाम डेक्स्ट्रान देऊ लागले. रक्त थांबवण्याच्या घाईत जे द्रव आपण वापरत होतो तेच रक्त गोठू न देणारं औषध ठरलं, याहून बोलका दाखला कोणता द्यावा?

तिसरा प्रकार मक्याच्या किंवा बटाट्याच्या पिठापासून केलेल्या स्टार्चचा. १९७० नंतर त्याचा फार बोलबाला झाला. त्याची भलावण करणारे निबंध लिहिण्यात एक जर्मन भूलतज्ज्ञ अग्रेसर होता. २०११ साली त्याचे ऐंशीहून अधिक निबंध नियतकालिकांना मागं घ्यावे लागले, कारण संशोधनाचे नियमच पाळलेले नव्हते. मग निष्पक्ष चाचण्या झाल्या. मूत्रपिंडं बिघडतात, रक्तस्राव वाढतो, मृत्यूही वाढतात, असं दिसलं. २०१३ साली अमेरिकेत त्यावर कडक इशारा छापण्याचा हुकूम निघाला आणि २०२२ साली युरोपीय संघानं त्याचा परवाना स्थगित केला. छापलेलं सारं खरं मानू नये, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला आम्ही पहिल्या वर्षीच सांगतो. वैद्यकातही ते लागू पडतं.

दुसरीकडं, खरं रक्त जखमीपर्यंत नेण्याचा मार्गही काही माणसं शोधत होती. स्पेनच्या यादवी युद्धात १९३६ साली कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी माद्रिदहून रक्ताच्या बाटल्या मोटारीतून आघाडीवर नेल्या. १९३८ साली ते चीनला गेले. त्याच वर्षी काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यांत दोघे आपले होते : नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. बेथ्यून १९३९ साली वारले. त्यांच्या नावानं जे रुग्णालय चालू झालं, त्याचे संचालक म्हणून १९४१ साली कोटणीसांनी सूत्रं हाती घेतली आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच देह ठेवला.

पातळपणाखेरीज आणखी दोन गोष्टी आहेत. बाटलीतलं पाणी असतं खोलीच्या हवेइतकं, आपल्याकडं पौषातल्या रात्री त्याहूनही गार. माणसाचं रक्त सदतीस अंशांवर चालतं. ते चौतीस-तेहेतीसपर्यंत उतरलं की गोठवणाऱ्या द्रव्यांची साखळी मंदावते. दुसरं म्हणजे नेहमीच्या सलाईनमध्ये लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतं. त्यातल्या क्लोराइडचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा जवळजवळ दीडपट. खूप दिलं की रक्ताला आंबटपणा येतो, आणि आंबट रक्त नीट गोठत नाही. गारवा, आंबटपणा आणि न गोठणं ही तीन एकमेकांना ओढत नेतात. शस्त्रक्रियेचे डॉक्टर या त्रिकुटाला फार भितात. आंबटपणा कमी व्हावा म्हणून सिडनी रिंगर यांच्या जुन्या क्षारपाण्यात अलेक्सिस हार्टमन यांनी १९३२ साली लॅक्टेट घातलं. आपल्या दवाखान्यात ‘आर.एल.’ म्हणतात ती बाटली तीच. पण तिच्यातही गोठण्याचं एकही द्रव्य नसतं.

आणि दाब? शिरेत पाणी भरलं की रक्ताचा दाब चढतो, नाडी भरते, नातेवाइकांना हायसं वाटतं. शेतकऱ्याला हे सांगायला नको की पाटाला भगदाड पडलं तर ओल्या मातीचा गोळा लावून ती बसेपर्यंत वरचं पाणी कमी ठेवतात. माती बसण्याआधीच मोट पूर्ण सोडली, तर गोळा वाहून जातो. कोवळ्या गुठळीचं तसंच होतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं पहिल्या महायुद्धाचा अनुभव घेऊन १९१८ सालीच बजावलं होतं की रक्तस्राव थांबवायची तयारी होण्याआधी दाब चढवाल, तर राखून ठेवायला हवं तेच रक्त वाहून जाईल. इशारा छापला गेला आणि मागं पडला. तो कसोटीला लागला शहात्तर वर्षांनी. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी छाती-पोटात गोळी किंवा सुरी लागलेल्या ५९८ माणसांवर दिवसाआड दोन रीती वापरून पाहिल्या. एका दिवशी नेहमीप्रमाणं वाटेतच सलाईन, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचेपर्यंत सलाईन नाही. १९९४ साली निकाल छापून आला : पहिल्या रीतीनं शंभरांत ६२ जगले, दुसरीनं ७०.

यावरून कुणी सलाईनच्या बाटल्या फोडायला निघू नये. तो प्रयोग शहरातला, दवाखाना जवळ असलेला, आणि भोसकल्या-गोळी लागल्याच्या जखमांपुरता होता. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा दाब फार उतरू देणं धोक्याचं असतं. शिवाय २००३ साली लंडनमध्ये १०८८ जखमींची पाहणी झाली, तेव्हा इस्पितळात पोचतानाच चौघांतल्या एकाचं रक्त नीट गोठत नव्हतं, आणि त्याचा दिलेल्या पाण्याच्या मापाशी संबंध लागेना. म्हणजे मोठ्या दुखापतीनं देह स्वतःच गोठण्याची घडी विस्कटतो. सगळा दोष पाण्याच्या माथी मारणं न्यायाचं होणार नाही. पाणी त्या दुखण्यात भर घालतं एवढंच.

रक्त न गोठण्याचा अनुभव आपल्या भागातल्या शेतकऱ्याला दुसऱ्याही वाटेनं येतो, तो घोणसाच्या दंशानं. घोणस, कुणी तिला परड म्हणतात, तिचं विष फायब्रिनोजेन खाऊन टाकतं. हिरड्यांतून, जुन्या जखमांतून रक्त येऊ लागतं. त्याची पारख फार सोपी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रोग्याचं दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त वाहिलं, तर गोठण्याची शक्ती गेली. अशा रोग्याला कितीही सलाईन लावलं तरी ती परत येत नाही. तिथं प्रतिविषच हवं, जे मुंबईच्या हाफकिन संस्थेनंही वर्षानुवर्षं तयार केलं. जाता जाता सांगून ठेवतो : सर्पदंशावर दोरीनं आवळून बांधू नये, चिरा देऊ नयेत. आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी ही नळीची परीक्षा मुलांना निदान चित्र काढून तरी समजावून द्यावी.

मग आज जखमीला काय देतात? जे गेलं ते. तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि बिंबिका, जवळजवळ सारख्या प्रमाणात. मधल्या काळात रक्तपेढ्या एका बाटलीचे घटक वेगळे करू लागल्या. ते काटकसरीचं आणि चांगलंच होतं. पण त्यामुळं जखमीला मिळू लागल्या नुसत्या पेशी आणि वर सलाईन, गोठण्याची द्रव्यं दोन्हींत नाहीत. ही उणीव २००० नंतर भरून निघू लागली. दुसरी भर एका स्वस्त औषधाची. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या पतिपत्नींनी १९६२ साली ट्रॅनेक्झॅमिक आम्ल जगापुढं आणलं. ते झालेली गुठळी विरघळू देत नाही. २०१० साली चाळीस देशांतल्या वीस हजारांवर जखमींवरच्या चाचणीचा निकाल लागला. त्यांत आपल्या देशातले रुग्णही पुष्कळ होते. मृत्यू शेकडा १६ वरून १४.५ वर आले. पण औषध तीन तासांच्या आत मिळायला हवं. उशिरा दिलं तर अपाय होऊ शकतो.

तळेगावच्या फाट्यावर हे तीन तास कसे जातात, हे आपण मनाशी मोजून पाहावं. पहिली मिनिटं जमलेल्या माणसांच्या हातात असतात. वाहत्या जखमेवर स्वच्छ फडकं ठेवून तळहातानं घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून पाहायचं नाही. अंगावर पांघरूण घालायचं, कारण गार पडलेलं रक्त गोठत नाही हे आपण पाहिलंच. १०८ ला फोन करायचा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. मदत करणाऱ्याला पोलीस-कचेरीची भीती वाटते, तर त्याला त्रास देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली बजावलं आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदही झाली. आणि दवाखान्यात पोचल्यावर ‘सलाईन लावलं का?’ या प्रश्नाऐवजी ‘रक्त थांबलं का? रक्त लागणार आहे का? कुठल्या पेढीतून आणायचं?’ हे विचारावं. सलाईन किती, कोणतं, केव्हा, हे डॉक्टर ठरवतील. पटकी, हगवण यांत ते आजही जीव वाचवतं, मात्र तोंडानं पिता येत असेल तर मीठ-साखरेचं पाणीही तेच काम करतं, हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत, सलाईन संपल्यावर, साऱ्या जगाला दाखवून दिलं.

रुग्णवाहिकेतच रक्त किंवा रक्तद्रव द्यावं काय, हा वाद मात्र चालूच आहे. अमेरिकेत हवाई मार्गानं नेलेल्या जखमींना वाटेतच रक्तद्रव दिल्यावर महिन्याभरातले मृत्यू शेकडा ३३ वरून २३ वर आले, असं २०१८ साली छापून आलं. इंग्लंडमध्ये ४३२ जखमींवर तसाच प्रयोग झाला, पेशी आणि वाळवलेला रक्तद्रव एकीकडं, मोजकं सलाईन दुसरीकडं. २०२२ साली निकाल लागला तो असा की दोन्हींत फरक दिसला नाही. पण त्या प्रयोगातलं सलाईनसुद्धा फार तर एक लिटर होतं, आपल्याकडच्या भाषेत दोन बाटल्या.